पाठीमागून कुणी म्हटलं का?

घाटकोपर,
२२ जून २०२५

शुभाताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे डोक्याला ताप झालाय. परवा मी एक विचारलं, तू भलतंच सांगितलंस आणि वर मलाच ओरडलीस की नीट बोल म्हणून. तुझ्या कानातलं ते मशीन नक्की कुणाच्या कामाचं आहे? तेव्हा म्हटलं आता लिहूनच काढू. आपण मावसभावंडं लालबागच्या एका गॅलरीत वाढलो, तू मुलुंडला गेलीस तेव्हाही आपण पत्रं लिहीत होतोच ना.

काम असं आहे. तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस, तर मला एक शब्द सांग. सिद्धेशची गार्गी कॉलेजात आवाज रेकॉर्ड करायचं शिकते. तिला प्रोजेक्टसाठी माझं गाऱ्हाणं हवं होतं. तिला विचारलं, बाय, तुला ते काय असतं ते तरी माहीत आहे का? मग समजावलं. एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांची दुखणी सांगतो, आणि मागे उभे असलेले दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतात. देवानं ऐकलं की नाही ते कळत नाही, पण माणसांनी ऐकलं एवढं नक्की कळतं.

तर तिनं मला टॉवरखालच्या रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं आणि बोलायला लावलं. मग कानाला ते मोठे हेडफोन लावून म्हणाली, "आजोबा, झकास! काय रिव्हर्बरेट होतोय तुमचा आवाज!" तिला अर्थ विचारला तर म्हणाली, घुमतो. म्हटलं घुमतो तर घुमतो म्हण ना. पण शब्द डोक्यात बसला. कुठून आला असेल? डिक्शनरीतलं बारीक अक्षर आता मला दिसत नाही.

बाकी ठीक. आवाज जरा बसलाय. घशात बारकी गाठ आहे म्हणे. डॉक्टर म्हणतो लगेच काढूया, मी म्हटलं गणपती होऊ दे. त्यावरून सिद्धेश माझ्याशी धड बोलत नाही आणि जानकीही मुलाच्याच बाजूनं. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

तुझा
चंदू


मुलुंड,
२९ जून २०२५

चंदू, अनेक आशीर्वाद.

अरे, पत्र काय आलं, मी अनिरुद्धला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, आई, मीच तुला आणून दिलं, मी वाचलंय. तरी दाखवलं. मशीनबद्दल बोलू नकोस. ते लावलं की भांड्यांचा आवाज हातोड्यासारखा लागतो आणि माणसाचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. मी ते बहुतेक वेळ डबीतच ठेवते.

आता तुझा शब्द. तुला काय सांगू, असा शब्द कुणी कित्येक वर्षांत विचारला नव्हता मला! "रि" म्हणजे उलट, परत. आणि "व्हर्बर" हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ चाबूक किंवा छडी. त्याचं क्रियापद केलं की झालं फटके मारणं. म्हणजे रिव्हर्बरेट म्हणजे फटका मारून परत पाठवणं. आवाज भिंतीकडे जातो आणि भिंत त्याला चाबकानं हाकलून लावते, असं त्या लोकांना वाटलं. मुळात हा शब्द आवाजापुरता नव्हताच. तापलेली हवा, उजेड, जे काही आपटून माघारी येतं त्या सगळ्याला लावायचे. आवाजाला तो नंतर चिकटला. आपला "पडसाद" बघ, प्रतिशब्दावरून आलेला, शब्दाला उलट शब्द, एवढंच. मारामारी नाही. मुलांना हे सांगितलं असतं तर शेवटच्या बाकावरचेही जागे झाले असते.

शिवाय एका जातीच्या भट्टीलाही हेच नाव आहे. तू आयुष्यभर भांडूपच्या कारखान्यात भट्टीवर होतास, तुला ठाऊक असेल.

गाठीचं एवढं काय घेऊन बसलायस? माझ्या मानेवर होती, काढली, संपलं. सिद्धेशला म्हणावं आत्यानं सांगितलंय, गणपतीपर्यंत बापाला त्रास देऊ नको. गाऱ्हाणं तुझ्याशिवाय कोण घालणार? त्या पोरांना "व्हय म्हाराजा" सोडून काय येतं? तंबाखू मात्र सोड, मेल्या.

तुझी
शुभाताई


घाटकोपर,
१३ जुलै २०२५

शुभाताई,

चाबूक! मी जानकीला सांगितलं तर म्हणाली, तुम्हांला भलत्याच गोष्टी सुचतात. पण मला ते एकदम पटलं. भट्टी मला माहीत आहे ना. तिच्यात धातूला आग लागतच नाही, ताई. आग जाते वर, छताला. छत ती खाली मारतं. धातू वितळतो तो त्या उलट आलेल्या तापानं. नवीन पोरगा आला की मी त्याला हेच सांगायचो, समोरच्या आगीपेक्षा वरून येणारा ताप सांभाळ. त्याला इंग्रजीत चाबूक म्हणतात हे मात्र निवृत्त झाल्यावर कळलं.

तुला आमच्या आबांचा नियम आठवतो? "आपला गाऱ्हाणा आपण घालूचा नाय." लोक आदल्या दिवशी येऊन आबांच्या कानात सांगून जायचे, कुणाला मूल नाही, कुणाची नोकरी गेली. आबा ते सगळं देवापुढे मांडायचे, पण स्वतःचं एक अक्षर नाही. आई दम्यानं बेजार होती तेव्हाही नाही. तिचं गाऱ्हाणं तुझ्या बाबांनी घालायला हवं होतं, पण ते लाजले. मी अजून तो नियम पाळतो.

परळच्या हॉस्पिटलात पुन्हा जाऊन आलो. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. डॉक्टर पुन्हा म्हणाला, आत्ताच करा. तुला विचारतो, घरात कुणाला विचारलं की भांडण होतं. समजा एखाद्याला एखादं काम यंदा शेवटचंच करायला मिळणार असेल, तर त्यानं ते करून घ्यावं की सोडून द्यावं? तू मास्तरीण आहेस, सरळ उत्तर दे.

चंदू


मुलुंड,
२० जुलै २०२५

चंदू,

सरळ उत्तर हवं? करून घ्यावं. हा काय प्रश्न झाला! पुढच्या वर्षीपासून सिद्धेशच्या गळ्यात घालायचा विचार दिसतो तुझा. ठीक आहे, वय झालं, मी समजू शकते. पण मग यंदा असं गाऱ्हाणं घाल की टॉवरच्या वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला पाहिजे. गाठ काय पळून जातेय? महिनाभरानं काय फरक पडतो?

मला येता येणार नाही, गुडघ्याची वाट लागली आहे. आणि येऊन तरी काय, ऐकू येणार थोडंच. मी इथे खुर्चीत बसून त्या वेळेला "व्हय म्हाराजा" म्हणेन. लहानपणी आपण दोघं मागच्या रांगेत उभं राहून सगळ्यांत उशिरा ओरडायचो, आठवतं? आबा मागे वळून डोळे वटारायचे आणि मग पुढचं वाक्य म्हणायचे. मार मात्र मलाच बसायचा, मोठी म्हणून.

आबांच्या नियमाचं मला कधीच पटलं नव्हतं. सगळ्यांचं सांगायचं आणि आपलं पोटात ठेवायचं, हा कसला देव आणि कसली रीत? असो. तुला काही मागायचं असेल तर मला सांग, मी इथून मागते.

शुभाताई


घाटकोपर,
३ सप्टेंबर २०२५

शुभाताई,

काल गौरीबरोबर गणपतीचं विसर्जन झालं. गाऱ्हाणं घातलं. आवाज फाटत होता, मध्ये दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं, पण शेवटपर्यंत नेलं. नितेशच्या पोरीचं लग्न, शांताबाईंचा डोळा, सगळं सांगितलं, कुणाचं विसरलो नाही. मागून असा काही आवाज उठला ताई, हॉलच्या काचा थरथरल्या. गार्गीनं सगळं रेकॉर्ड केलंय.

आता खरं लिहितो. उद्या मला दाखल करतायत. ती गाठ म्हणजे कॅन्सर आहे, आवाजाच्या पेटीचा. पेटीच काढणार. नंतर गळ्याला पुढून भोक राहतं, त्यातून श्वास घ्यायचा. बोलणं कायमचं बंद. जूनमध्येच सांगितलं होतं डॉक्टरनं. मला गणपती हवा होता, म्हणून थांबलो. सिद्धेश माझ्याशी बोलत नव्हता तो याच्यामुळे.

तुला का नाही सांगितलं? तुला सांगितलं असतं तर तू फोन केला असतास. मी इकडे घोगऱ्या आवाजात बोललो असतो, तुला काही ऐकू आलं नसतं, आणि तू मोठ्यानं रडली असतीस. मला तेवढं सहन झालं नसतं. आणि पत्रात तुझ्याशी नेहमीसारखं भांडता येत होतं. माझा आवाज कसा झालाय हे न कळणारी तू एकटीच उरली होतीस.

भीती वाटते. हे कुणालाच बोललो नाही, तुला लिहितो. काल देवापुढे उभा होतो तेव्हा जिभेवर आलं होतं माझं स्वतःचं. गिळलं.

चंदू


मुलुंड,
१४ सप्टेंबर २०२५

चंद्या,

तू गाठ म्हणालास! बारकी गाठ! मी तुला लॅटिन शिकवत बसले आणि तू मला विचारलंस, करावं की सोडावं. आणि मी म्हटलं करून घ्यावं! असा दावा कुणी साधतं का रे बहिणीवर? माझ्या तोंडून वदवून घेतलंस आणि स्वतः मोकळा झालास. मला तुझा राग आलाय. इतका राग मला तुझ्या भावोजींचा आला नव्हता कधी, आणि ते माणूस काय होते तुला ठाऊक आहे.

परवा हॉस्पिटलात तुझ्याजवळ बसले तेव्हा हे बोलणार होते. पण काय बोलणार! तू पाटीवर लिहायचास, मी मोठ्यानं उत्तर द्यायची, नर्स येऊन मला गप्प करायची. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसत होता. तू पण हसलास, पण हसण्याचा आवाज आला नाही. मला वाटलं माझं मशीन बंद पडलं. मी ते काढून हातात घेऊन बघत बसले, मग लक्षात आलं. घरी येऊन जेवले नाही.

ऐक. तुझं गाऱ्हाणं आता मी घालणार. सव्वीस जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते ना, तेव्हा. बायका घालत नाहीत वगैरे मला सांगू नकोस. आबांचा नियम फक्त इतकाच आहे की आपलं आपण घालायचं नाही. तुझं दुसऱ्यानं घालायचं नाही असं ते म्हणाले नव्हते. मला शब्द लिहून पाठव, मला मागच्या रांगेतलंच येतं.

शुभा


घाटकोपर,
९ डिसेंबर २०२५

शुभाताई,

उशीर झाला. रेडिएशनचे शेक चालू होते, हातात पेन धरवत नव्हता.

घरी सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जसा मीच बहिरा. तुझे हाल आता कळतात. जानकीला हाक मारायची तर टाळी वाजवतो. ती स्वयंपाकघरात असली की ऐकू जात नाही, मग ताटावर चमचा मारतो. काल तिनं येऊन चमचा काढून घेतला आणि रडली. बोलायचं यंत्र मिळतं म्हणाले, गळ्याला लावायचं. लावून बघितलं. डब्यातून माशी बोलल्यासारखं येतं. नातीच्या तोंडावरचे भाव बघितले आणि परत दिलं.

गार्गीनं मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तिला वाटलं मला बरं वाटेल. माझाच आवाज, हॉलभर घुमणारा, आणि मागून सगळ्यांचा. तू सांगितलेला चाबूक तेव्हा कळला मला, ताई. मी हातानं खूण करून बंद करायला लावलं. पोर बिचारी घाबरली. तिचा काय दोष?

परवाच्या तपासणीत मानेत दुसऱ्या बाजूला आलंय. छातीतही काही दिसतंय. डॉक्टरनं सिद्धेशला बाहेर नेलं तेव्हाच कळलं. तो आत आला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे बाबा. मी पाटीवर "बरं" लिहिलं. आता तो माझ्याशी बोलतो, सारखा बोलतो, आणि मला उत्तर देता येत नाही.

शब्द पाठवतो. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. आधी सुरुवात: "बा देवा म्हाराजा, ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे हात जोडून उभी आसत." इथे थांबायचं, मागून आवाज येऊ द्यायचा. मग: "ह्येंच्या घरादारात जा काय वाकडा-वायट आसात, ता भायरच्या भायर घालव रे म्हाराजा." पुन्हा थांबायचं. घाई करू नकोस. तुला ऐकू येणार नाही, म्हणून मनात एक श्वास मोज आणि पुढे जा. मग लोकांची नावं घे, ती मंडळाचा नितेश देईल. माझं सगळ्यांत शेवटी.

माझ्यासाठी काय मागायचं ते तू ठरव. आवाज मागू नकोस, तो कापून टाकलाय, देव तरी कुठून आणणार?

चंदू


मुलुंड,
२८ जानेवारी २०२६

चंदू,

काय झालं ते तू तिथे बसून बघितलंस, तरी लिहिते. कारण मला विचारायचं आहे.

तुला खुर्चीत बसवून आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही. सिद्धेशनं धरलं होतं म्हणून कळलं तू आहेस. गळ्याला रुमाल, शर्टात दोन माणसं मावतील. तेव्हाच मी ठरवलेलं सगळं विसरले. घरी आरशापुढे पाठ केलं होतं रे, महिनाभर. अनिरुद्ध म्हणायचा आई, शेजारचे तक्रार करतील.

नितेशनं आधी जरा तोंड वाकडं केलं. बायकांनी कधी घातलं नाही म्हणाला. असं सिद्धेशनं नंतर लिहून दाखवलं. पण जानकी पुढे आली आणि तिनं नारळ माझ्या हातात दिला, मग तो बाजूला झाला. मशीन मी काढून पर्समध्ये ठेवलं, हॉलमध्ये ते नुसतं कण्हत होतं.

मी देवाकडे तोंड करून उभी राहिले. तू सांगितलंस तसं प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबले. माझा आवाज केवढा येत होता, मोठा की बारीक, काही कल्पना नाही. नावं घेतली. मग तुझं. तू म्हणालास ठरव, मी ठरवलं. आदल्या दिवशी काहीतरी वेगळं ठरवलं होतं, तुला बघितल्यावर ते मागवेना. जे तोंडातून आलं ते आलं.

मग मी थांबले. एक श्वास, दोन, तीन. काही कळेना. देवाच्या तसबिरीला काच आहे, तिच्यात मागचे दिसतात का बघितलं, पण समया होत्या, नुसता उजेड दिसला. वळले तेव्हा सगळ्यांचे डोळे खाली. सिद्धेशला विचारलं, म्हटलं का रे सगळ्यांनी? त्यानं मान हलवली, हो. गार्गीला विचारलं, ती पळाली.

चंदू, मला खरं सांग. पाठीमागून कुणी म्हटलं का? तू तिथे होतास आणि तुझे कान शाबूत आहेत. मला उगाच बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. एकदा फसवलंस तेवढं पुरे झालं.

शुभाताई


घाटकोपर,
४ फेब्रुवारी २०२६

ताई,

थोडंच लिहितो, हात दुखतो. डॉक्टरनं आता यायची गरज नाही म्हणून सांगितलंय. घरीच ठेवा म्हणाला.

तुझा आवाज मोठा होता. आबांसारखा, शेवटी जरा चढणारा. पहिल्या वाक्याला सगळे म्हणाले, दुसऱ्याला म्हणाले, नावांना तर नितेशच सगळ्यांत जोरात. हॉल दणाणला. ते तुला ऐकू यायला हवं होतं.

मग तू माझं घातलंस. "चंद्रप्रकाश तुझा लेकरू. सगळ्यांची गाऱ्हाणी घालता घालता ह्येचो आवाज गेलो. आवाज परत नाय दिलंस तरी चलात. पण ह्येका असो तळमळत ठेव नको. ह्येका सोडव रे म्हाराजा."

त्याला कुणी काही म्हटलं नाही. सिद्धेश खोटं बोलला, त्याला रागावू नकोस. त्यानं मान खाली घातली होती. जानकीनं पदराचा बोळा तोंडात घातला. नितेश देवाकडे न बघता दाराकडे बघत होता. बापाला, नवऱ्याला, शेजाऱ्याला सोडव म्हटल्यावर व्हय कोण म्हणणार, ताई?

मी म्हटलं. खुर्चीचे हात धरून उठलो आणि तोंड उघडून, होता नव्हता तेवढा जोर लावून म्हटलं. रुमालाच्या मागून नुसती हवा आली. गार्गीनं बघितलं, म्हणून ती पळाली.

तुझी पाठ होती आणि मशीन पर्समध्ये होतं. असतं तरी काही ऐकू आलं नसतं. म्हणून लिहून कळवतो.

व्हय म्हाराजा.

चंदू